डावीकडचं लोणी

माझ्या हातांनी माझंच जेवण कचऱ्यात काढलं, आणि त्याला फार तर दहा सेकंद लागले असतील. ट्रे समोरच्या फळीवर आला, विमानातली मुलगी हसून पुढच्या रांगेकडे वळली, तोवर मी गरम डब्याचं फॉइल ओढून काढलं होतं, सॅलडची वाटी त्यात उपडी केली होती, त्यावर फळांच्या फोडी, त्यावर पाव पिशवीसकट, वरून तळहाताचा एक दाब. पाण्याच्या पेल्याचं झाकण फोडून पायाशी गटाराची जाळी शोधली, जाळी नव्हती, म्हणून पाणीही त्यातच ओतलं. रिकाम्या वाट्या एकात एक बसवल्या, चमचे एका बाजूला घेतले आणि हात शेवटी उजव्या कोपऱ्यात लोण्याच्या डबीकडे गेला. तिथे डबी नव्हती. नियमाप्रमाणे ती तिथेच असते आणि एकोणीस वर्षं माझा हात तिथेच जातो. तिथे काही लागलं नाही म्हणून हात थांबला, आणि हात थांबला म्हणून मी भानावर आले. शेजारचा टायवाला माणूस माझ्याकडे बघत होता. तो म्हणाला, "काकू, तुम्हाला जेवायचं नव्हतं का?" जेवायचं होतं. पहाटे नुसता चहा पिऊन निघाले होते आणि आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले होते. मी म्हटलं, "होतं हो. सवय वाईट असते." त्याला काय कळलं कोण जाणे, त्याने मान डोलावली आणि डोळे मिटले. त्याचा ट्रे त्याच्यासमोर तसाच होता, झाकणंसुद्धा न उघडलेला.

लोणी डावीकडे होतं. टायवाल्याच्या ट्रेवरही डावीकडे. मान लांब करून पलीकडच्या रांगेत बघितलं तर तिथेही डावीकडे. विमानांना जेवण पुरवणाऱ्या आमच्या कंपनीच्या स्वयंपाकघरात लोणी डावीकडे ठेवणारी एकच आहे आणि ती माझी लेक आहे. डावखुरी. आठ महिन्यांपूर्वी ट्रे भरायच्या पट्ट्यावर कंत्राटी म्हणून लागली. पट्टा सरकत असतो, समोरून रिकामा ट्रे येतो, त्यावर वाटी, पाव, पेला, डबी ठेवायची, एका ट्रेला जेमतेम श्वास घेण्याएवढा वेळ. तेवढ्यात तिचा डावा हात डबी डाव्या कोपऱ्यातच टेकवतो. मी घरी किती वेळा सांगितलं, "उजवीकडे ठेवायची गं, बाई." तर म्हणते, "विमानात कोण बघतंय लोणी कुठल्या हाताला आहे?" मी म्हटलं, "मी बघते ना. परत आल्यावर." आमच्या घरात हा विनोद आहे, शेजारीपाजारीही तो करतात: सकाळी लेक भरते, दुपारी आई उपसते. हसतात सगळे, मीही हसते. पण तिने भरलेला ट्रे झाकणासकट माझ्या टेबलावर परत येतो तेव्हा मला हसू येत नाही. तेव्हा मी तो पटकन उपसते, बाकीच्यांपेक्षा जास्त पटकन, कोणी बघू नये म्हणून घाण लपवावी तशी.

माझ्या विभागाचं पाटीवरचं नाव परत विभाग, पण आम्ही त्याला उपसणी म्हणतो. लांबट खोली, खिडकी नाही, एका टोकाला दार आणि दारात जमिनीवर पिवळी रेघ. विमानातून उतरलेल्या ट्रॉल्या त्या रेघेवरून आत येतात. रेघेच्या पलीकडे जे अन्न असतं त्याला अलीकडे अन्न म्हणायचं नाही. माझ्या टेबलावर फ्रेम करून नियम टांगलेला आहे: विमानातून ट्रॉलीने उतरलेलं सर्व अन्न, उघडलेलं वा सीलबंद, कचरा समजावा. पहिल्या दिवशी मला जिने काम शिकवलं ती म्हणाली होती, "बघायचं नाही. बघितलंस तर काम होणार नाही. हातांना करू दे." मी तसंच केलं. हातांना इतकं शिकवलं की आता ते मला विचारत नाहीत. आणि आज ते माझ्याबरोबर विमानात आले, तिकीट न काढता, आणि त्यांनी आपलं काम केलं. मला त्यांचा राग आला. मांडीवर घेऊन बसले, एकावर एक दाबून, शाळेत बाकावर बसवतात तसे.

पण न बघायला सांगितलं तरी डोळे काही मिटलेले नव्हते, आणि हा दोष रक्तातला आहे. माझे बाबा एका वसतिगृहात स्वयंपाकी होते. स्वयंपाकी वाढायच्या खिडकीत उभा राहतो, लोकांनी छान झालंय म्हणावं म्हणून. बाबा उष्टी ताटं परत यायच्या खिडकीत उभे राहायचे. मी शाळेतून येताना त्यांना न्यायला जायचे, तर हे तिथे कमरेवर हात ठेवून ताटं बघतायत. म्हणायचे, "जेवण कसं झालं ते माणसाला विचारू नये. माणूस भिडेला बळी पडतो. ताटाला विचारावं." सोमवारी दुसरी भाजी परत येते, मग सोमवारी दुसरी भाजी अर्धी करायची. परीक्षेच्या आठवड्यात मुलं भात खात नाहीत, झोप येते म्हणून, मग भात कमी टाकायचा. कोणी उपाशी राहिलं नाही आणि बादली रिकामी जायची. मग नवा व्यवस्थापक आला. त्याच्याकडे डोईमागे किती याचं कोष्टक होतं. त्याने बाबांना कोष्टक दिलं, बाबांनी ते घडी करून खिशात ठेवलं आणि सोमवारी भाजी अर्धीच केली. तीन सोमवार. चौथ्या सोमवारी बाबा घरी होते. त्यानंतरची दोन वर्षं आमच्या घरात जी गेली ती आई मरेपर्यंत विसरली नाही. "तोंड मिटून कोष्टकाप्रमाणे भाजी टाकली असती तर काय हात झिजणार होते यांचे?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की माझंच वाटायला लागलं. बाबा एवढंच म्हणायचे, "माझं चुकलं नाही." मला तेव्हा बाबांची चीड यायची. बरोबर असण्याने पोट भरत नाही, असं मी अकराव्या वर्षी ठरवून टाकलं होतं.

म्हणून एकोणीस वर्षांत मी एकदाच बोलले. तेही तोंडाने नाही, सूचनापेटीत चिठ्ठी टाकून. सकाळच्या पहिल्या विमानाचे निम्मे ट्रे बंद परत येतात, लोक झोपलेले असतात, आदल्या दिवशीच त्यांना विचारावं की खाणार का, नको म्हणाले तर भरू नये. चार ओळी. सही केली नव्हती, पण अक्षर ओळखायला आमच्याकडे वेळ लागत नाही. टक्केसाहेबांनी बोलावलं. हे आमचे वरचे साहेब. चहात साखर किती हवी विचारलं तरी टक्क्यांत सांगतील, म्हणून हे नाव. वाईट माणूस नाही, मधाचं बोट लावून बोलतो. म्हणाले, "मावशी, सूचना चांगली आहे, पण आसन तिथे जेवण हा विमान कंपनीशी करार आहे. आपण त्याऐवजी तंत्रज्ञानाकडे बघतोय." सहा महिन्यांनी तंत्रज्ञान आलं. एक मोठं पोलादी पिंप, आत मळसूत्र. उपसलेलं सगळं वरून टाकायचं, ते आत चिरडतं, पिळतं, पाणी खाली गटारात जातं आणि पुढून चोथा बाहेर येतो. आम्ही त्याला पिळणी म्हणतो. आधी कचऱ्याचं वजन माझ्या टेबलापाशी व्हायचं. पिळणी आल्यावर काटा उचलून तिच्या पुढच्या तोंडाशी नेला. काटा वीस पावलं सरकला आणि कचरा पंचेचाळीस टक्क्यांनी कमी झाला. ट्रे तितकेच येत होते, पाव तितकेच, फळं तितकीच. माझे खांदे तेवढेच दुखत होते. फक्त पाणी गेलं होतं.

आणि आता मी त्या पंचेचाळीस टक्क्यांचं भाषण करायला निघाले होते. कंपनीच्या सगळ्या स्वयंपाकघरांची मोठी बैठक, सगळ्यांच्या वरच्या मोठ्या बाई स्वतः येणार, आमच्या विभागाचा सत्कार. टक्केसाहेब एक दिवस आधीच पुढे गेले होते. जाताना माझ्या हातात टाइप केलेला कागद दिला. "प्रत्यक्ष काम करणाऱ्याच्या तोंडून ऐकलं की लोकांना पटतं, मावशी." कागदावर लिहिलं होतं की आम्ही कामगारांनी मनापासून प्रयत्न करून अन्नाची नासाडी निम्म्यावर आणली. मी वाचून मान हलवली. मग ते सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, "तुमच्या मुलीला कायम करायचं प्रकरण माझ्याकडेच आलंय. काळजी करू नका." काळजी करू नका असं कोणी म्हटलं की तिथूनच काळजी सुरू होते, हे कळायला शिक्षण लागत नाही. आज पहाटे मी निघाले तेव्हा लेक कामावरच होती, हेच ट्रे भरत. काल संध्याकाळी ती माझे कपडे इस्त्री करत असताना मी तिला सगळं सांगितलं होतं. तिने इस्त्री बाजूला ठेवली आणि म्हणाली, "वाचायचं तर वाच, आई. पण माझ्या नावावर खपवू नकोस." मी म्हटलं, "म्हणजे काय?" तर म्हणे, "म्हणजे उद्या म्हणशील, तुझ्यासाठी केलं. आजोबांचं तू मला आयुष्यभर ऐकवलंस. आता तुझं मी कोणाला ऐकवू?" जिभेला हाड नाही पोरीच्या. कोणावर गेली आहे ते मला माहीत आहे, माझ्यावर नाही, एक पिढी ओलांडून गेली आहे.

मी माझ्या समोरच्या ढिगाऱ्याकडे बघितलं. ओला पाव, त्यात रुतलेली फळं. हे मी केलं होतं. नियमाने नाही, करारानेही नाही, माझ्या हातांनी. आजवर मला वाटायचं की मी शेवटी उभी आहे, माझ्याकडे येतं ते आधीच वाया गेलेलं असतं, मी फक्त झाडलोट करते. पण टायवाल्याच्या ट्रेवरचा पाव या क्षणी वाया गेलेला नव्हता. पिशवी बंद होती, आत पाव मऊ होता, पहाटे माझ्या लेकीने तो तिथे ठेवला होता. तो कचरा व्हायला अजून दोन तास होते आणि ते दोन तास संपवायला दुसऱ्या टोकाला माझ्यासारखीच कोणीतरी हातमोजे घालत असेल. मला एकदम इतका राग आला की कानशिलं तापली. आमच्यावर, टक्केसाहेबांवर, आईच्या त्या वाक्यावर, आणि सगळ्यात जास्त माझ्या त्या चार ओळींच्या बिनसहीच्या चिठ्ठीवर.

डावीकडची लोण्याची डबी मी उचलून पर्समध्ये टाकली. मग टायवाल्याला कोपराने हलवलं. "तुम्ही हे खाणार आहात?" त्याने डोळे किलकिले करून म्हटलं, "नाही हो, घ्या ना." मी पाव, लोणी, बिस्किटं, सीलबंद पाणी, जे जे बंद होतं ते काढून घेतलं. गरम डब्याला हात लावला नाही. तो थोड्या वेळाने पोटाला बाधतो, हे मला कोणी शिकवायला नको. मग सीटचा पट्टा सोडून उठले. पायाशी कापडी पिशवी होती, तिच्यात घडीचे कपडे होते, ते काढून सीटवर ठेवले आणि सगळ्यात पुढच्या रांगेपासून सुरुवात केली. "खाणार आहात? नाही? मग द्या." इतकंच म्हणत गेले. पहिल्या दोन रांगांत लाज वाटली, भीक मागितल्यासारखी. तिसऱ्या रांगेत एक आजोबा म्हणाले, "बरं झालं, मला टाकवत नव्हतं आणि संपवतही नव्हतं," आणि लाज तिथेच गळून पडली. एका बाईने विचारलं, कुठल्या संस्थेकडून आलात. मी म्हटलं, घरून.

सहाव्या रांगेत विमानातली मुलगी आडवी आली. वयाने माझ्या लेकीएवढी. हळू आवाजात म्हणाली, "काकू, असं गोळा करता येत नाही. तुम्ही याचं काय करणार?"

"तुम्ही काय करणार?"

"आम्ही खाली देतो."

"कोणाला?"

"ते मला नाही माहीत."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. "मला देता."

मी तिला सांगितलं की प्रवाशाला दिलेलं ते प्रवाशाचं, त्याने खावं, ठेवावं, नाहीतर दुसऱ्याला द्यावं, आणि हे देशातल्या देशातलं विमान आहे, पाव खिशात घालून उतरायला इथे बंदी नाही. नसेल पटत तर नियम दाखवा. तिने नियम दाखवला नाही. ती म्हणाली, "सातव्या रांगेतले सगळे झोपलेत. उठवू नका. त्यांचे ट्रे मी अजून मांडलेलेच नाहीत, आणते." आणि तिने आणून दिलं. पिशवीचे बंद तटतटले. मी घडीचे कपडे हातावर घेऊन विमानातून उतरले.

सभागृहात खुर्च्या गोल मांडल्या होत्या, समोर पांढरं कापड घातलेलं टेबल. टक्केसाहेबांनी पिशवी बघून भुवया वर केल्या. "घरून काही आणलंत का, मावशी?" मी म्हटलं, तसंच काहीसं. मोठ्या बाई मधोमध बसल्या होत्या, केस पांढरे, चष्मा गळ्यात लोंबता, चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. साहेबांनी प्रास्ताविक केलं, पंचेचाळीस टक्के तीनदा आले, मग माझं नाव पुकारलं, टाळ्या झाल्या. मी उभी राहिले. कागद काढला, टेबलावर ठेवला आणि त्यावर पिशवी उपडी केली.

मग हात आपोआप कामाला लागले. पाव एकीकडे, बिस्किटं एकीकडे, पाण्याचे पेले एका ओळीत, लोण्याच्या डब्या एकावर एक. या वेळी मी त्यांना करू दिलं. सगळं वेगळं झाल्यावर मी म्हटलं, "हे आज सकाळच्या विमानातलं. सात रांगा. यातलं काही उघडलेलं नाही. गरम डबे आणले नाहीत, ते तिथेच राहिले, आता ते माझ्यासारख्या कोणाच्या तरी टेबलावर असतील. वजन निम्मं झालं हे खरं आहे. यंत्रात पिळून पाणी काढलं की माझंसुद्धा होईल. पण ट्रे तेवढेच परत येतात. माणसाला आदल्या दिवशी विचारा, खाणार का. नाही म्हणाला तर भरू नका. मी हे मागे चिठ्ठीत लिहिलं होतं, तेव्हा सही केली नव्हती. म्हणून आज तोंडाने सांगितलं."

टक्केसाहेब हसत उठले. "मावशींना प्रवासाची सवय नाही, दमल्यात," ते म्हणाले, आणि दारातल्या शिपायाला खूण केली. "हे आधी उचला. विमानातून आलेलं अन्न आहे, नियमाप्रमाणे नष्ट करावं लागेल." शिपाई काळी पिशवी घेऊन आला. मी टेबलाच्या आणि त्याच्या मध्ये उभी राहिले. "नियम माझ्या डोक्यावर टांगलाय, साहेब. ट्रॉलीने उतरलं तर कचरा. हे माझ्या हाताने उतरलंय. आणि कचरा कशाला म्हणायचं ते या कंपनीत एकोणीस वर्षं मी ठरवत आलेय. याला मी म्हणत नाही." शिपाई साहेबांकडे बघायला लागला, साहेब मोठ्या बाईंकडे. मोठ्या बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. साहेबांचा आवाज आणखी गोड झाला. "यांची मुलगीही आपल्याकडेच आहे. कंत्राटी. भरायच्या पट्ट्यावर." ते त्यांनी सगळ्यांना सांगितलं, पण ऐकवलं मला. आईचं ते वाक्य कानात सुरू झालंच. झालं आणि चालूच राहिलं, पण आता ते आईच्याच आवाजात होतं, माझ्या नाही.

"आहे," मी म्हटलं. "हे सगळं तिनेच भरलंय, आज पहाटे. डावखुरी आहे. लोणी डावीकडे ठेवते, ते चुकतं तिचं. तेवढंच चुकतं."

मोठ्या बाईंनी पुढे वाकून एक पाव उचलला, उलटून बघितला, पिशवीवरची तारीख वाचली आणि विचारलं, "सात रांगांचं एवढं?" मी हो म्हटलं. "आणि विमानात रांगा किती?" मी म्हटलं, "तीस." त्यांनी साहेबांकडे बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते मला वाचता आलं नाही, माणसांचं मला वाचता येत नाही. उद्या लेकीला दारातून परत पाठवतील की कायम करतील, मला उपसणीतून काढतील की काटा पुन्हा वीस पावलं मागे आणतील, यातलं काहीच मला माहीत नव्हतं. साहेब म्हणाले, "मॅडम, आपण पुढच्या विषयाकडे वळू या का?" आणि माझ्याकडे वळून, "मावशी, बसा आता."

मी बसले नाही. पर्समधून लोण्याची डबी काढली, माझ्या ट्रेवरची, माझ्या हातांना न सापडलेली. एक पाव घेतला, पिशवी फाडली, पाव मधोमध मोडला. सुरी नव्हती, मग बोटानेच लोणी लावलं, कडेपर्यंत, कोपरे सोडले नाहीत. उभ्याउभ्या पहिला घास घेतला. साहेब थांबले, शिपाई काळी पिशवी हातात धरून थांबला, सगळी खोली थांबली. मी चावून चावून, सावकाश खाल्लं. थांबू देत. मला भूक लागली होती.